दाखवणे आणि देणे

१९५७ साली रसेल कर्श या अमेरिकन शास्त्रज्ञांनी आपल्या घरचे एक छायाचित्र संगणकात उतरवले. ते नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्स या सरकारी संस्थेत काम करीत होते. चित्राची रुंदी १७६ बिंदू आणि उंचीही तेवढीच. सारे मिळून ३०,९७६ ठिपके. संगणकात उतरलेले ते पहिले छायाचित्र मानले जाते. त्यासाठी कर्श यांना एखादी भव्य इमारत निवडता आली असती, एखादा नकाशा निवडता आला असता. त्यांनी निवडला तो आपला तीन महिन्यांचा मुलगा, वॉल्डन.

पुढे चाळीस वर्षांनी, ११ जून १९९७ रोजी, कॅलिफोर्नियातील सांता क्रूझ येथे फिलिप कान हे पत्नीच्या प्रसूतीची वाट पाहत प्रसूतिगृहात बसले होते. जवळचा डिजिटल कॅमेरा, लॅपटॉप आणि मोबाईल फोन यांची त्यांनी तिथल्या तिथे सांगड घातली, आणि कन्या सोफी जन्मताच तिचे छायाचित्र दोन हजारांहून अधिक आप्तपरिचितांपर्यंत पोहोचवले. मोबाईल फोनवरून छायाचित्र धाडण्याच्या आजच्या चालीचा उगम तेथे सांगितला जातो.

या दोन घटना शेजारी ठेवल्या म्हणजे एक गोष्ट ध्यानी येते. डिजिटल छायाचित्र ही यंत्रयुगाची कोरडी निर्मिती, असे आपण समजून चालतो. पण तिचे दोन्ही आरंभ पाळण्यापाशी झाले. तेव्हा या तंत्राला परके म्हणून नाके मुरडण्याचा अधिकार आम्हांस नाही. आम्हांस विचारावयाचे आहे ते निराळेच. सोफीचे छायाचित्र दोन हजार जणांना दाखवले गेले. त्यांतील किती जणांना ते दिले गेले? दाखवणे आणि देणे या दोन क्रियांमधील अंतर हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

यात समीक्षेजोगे काय आहे, असे कोणी विचारील. आमचे मत असे की, कुटुंबाचा आल्बम हा एक रचनाप्रकार आहे. त्यात निवड असते, क्रम असतो, निवेदक असतो आणि श्रोता असतो. एवढ्या चार गोष्टी ज्या रचनेत आहेत तिची समीक्षा होऊ शकते. आज तीच रचना काचेच्या पडद्यावर आली आहे. तेव्हा तेथे या चार गोष्टींचे काय झाले, हे पाहणे अगत्याचे ठरते.

प्रथम जुन्या आल्बमकडे पाहू. काळ्या जाड कागदाची पाने, चित्राची चार टोके अडकवणारे कागदी कोपरे, दोन पानांमध्ये पातळ दुधी कागद. रोलमध्ये मोजकी चित्रे निघत, बारा किंवा छत्तीस, आणि प्रत्येकाला पैसे पडत. त्यामुळे बाप्तिस्मा, प्रथम कम्युनियन, लग्न, क्वचित नाताळ, एवढ्याच प्रसंगी कॅमेरा घरात येई. निवड अशी गरजेपोटीच होऊन जाई. मग पाहुणे आले की आल्बम ओटीवर येई आणि आजी एकेका चेहऱ्यावर बोट ठेवून सांगू लागे: हा तुझा पणजोबा, ही त्याची धाकटी बहीण, हिला उत्तनला दिली, आणि हा मागे उभा आहे तो आपल्या नात्यातला नव्हे, पण लग्नाचा मांडव त्यानेच घातला होता. छायाचित्र हे निमित्त होते. खरा ग्रंथ आजीच्या तोंडी होता.

मात्र त्या आल्बमवर सोन्याचा मुलामा चढवण्याची आमची इच्छा नाही. त्याची प्रत एकच असे. ती थोरल्या मुलाच्या कपाटात राहिली की लग्न होऊन गेलेल्या मुली तिला पारख्या होत. पावसाळ्याची ओल आणि वाळवी यांनी कित्येक घराण्यांचे चेहरे खाल्ले. निवेदन ज्याच्या हाती, त्याच्या मर्जीप्रमाणे माणसे राहत किंवा गळत. भांडून वेगळ्या झालेल्या भावाला कात्रीने कापून काढलेले छायाचित्र आम्ही स्वतः पाहिले आहे. आणि ज्या घराला स्टुडिओची पायरी परवडत नव्हती, त्या घरी आल्बमच नव्हता. आज त्याच घरातील नातवाच्या खिशात कॅमेरा आहे. हा न्याय लहान नव्हे.

छायाचित्र आणि कुटुंब यांच्या नात्यावर गेल्या शतकात जे लिहिले गेले, त्यांतील दोन पुस्तके या ठिकाणी उपयोगी पडतात. सुझन सोंटाग यांचे 'ऑन फोटोग्राफी' १९७७ साली प्रसिद्ध झाले. त्यात त्यांनी एक मार्मिक निरीक्षण नोंदवले आहे. औद्योगिक देशांत मोठे एकत्र कुटुंब मोडत चालले, नेमके त्याच काळात छायाचित्र काढणे हा कुटुंबाचा विधी बनला. जे हातून निसटत होते त्याची खूण कागदावर उरली. आमच्या वाचकांना याचा दाखला शोधण्यास दूर जावयास नको. वसईच्या वा गोव्याच्या ज्या घरातील एक मूल कुवेतमध्ये आणि दुसरे कॅनडात आहे, त्या घराचे भ्रमणध्वनी छायाचित्रांनी भरलेले असतात. माणसे जितकी पांगली, तितकी चित्रे वाढली.

दुसरे पुस्तक फ्रेंच लेखक रोलाँ बार्त यांचे. आई वारल्यानंतर त्यांनी ते लिहिले आणि १९८० च्या आरंभी ते प्रसिद्ध झाले. इंग्रजीत ते 'कॅमेरा लुसिडा' या नावाने ओळखले जाते. आईच्या मृत्यूनंतर बार्त तिची जुनी छायाचित्रे एकेक करून पाहतात. कशातच त्यांना ती पुरती सापडत नाही. अखेर १८९८ सालचे एक छायाचित्र हाती येते. आई पाच वर्षांची आहे, शेजारी तिचा सात वर्षांचा भाऊ, जागा काचेच्या छताखालील बागेची. आपल्या जन्माच्या कितीतरी आधीच्या त्या बालिकेत बार्त यांना आपली आई भेटते. पुस्तकात इतर अनेक छायाचित्रे छापली आहेत. हे एक मात्र छापलेले नाही. वाचकाला ते कोणत्याही जुन्या चित्रासारखेच एक वाटेल, ते फक्त आपल्यासाठी आहे, अशी त्यांची भूमिका.

या पुस्तकाचे मोठेपण आम्ही या न छापलेल्या चित्रात पाहतो. सर्वांना सर्व दाखवलेच पाहिजे असे नाही, आणि झाकून ठेवणे हीही जिव्हाळ्याची एक रीत असू शकते, हे त्यांनी करून दाखवले. शिवाय चित्राऐवजी त्यांनी शब्द दिले, आणि त्या शब्दांमुळे ती अदृश्य बालिका वाचकांच्या लक्षात राहिली. तथापि येथेच आमचा मतभेदही आहे. आपल्या माघारी हे चित्र कोणी तरी फेकून देईल, आणि त्यातील प्रेमाला साक्षीदार उरणार नाही, ही खंत बार्त स्वतःच बोलून दाखवतात. एकट्या शोकाकुल मुलाच्या दृष्टीने ते खरे असेल. कुटुंब म्हणजे मात्र एक मनुष्य नव्हे. आईचे चित्र ज्यांच्यासाठी आहे अशी माणसे घरात चार असतात, दहा असतात. पुढे जन्मास येणारीही असतात. त्यांना ते कसे द्यावे, या प्रश्नाचे उत्तर बार्त यांच्यापाशी नाही. ते आपल्यालाच शोधावे लागते. आजचे प्रचलित मार्ग याच दृष्टीने तपासून पाहू.

सर्वांत रुळलेला मार्ग म्हणजे व्हॉट्सॲपवरील कुटुंबाचा ग्रुप. त्याचे गुण आम्ही आधी सांगू. येथे नाताळचा केक कापला जात असतानाच टोरांटोतील मावशी तो पाहते. आल्बम ज्या लेकींच्या वाट्याला कधी आला नाही, त्या येथे भावांच्या बरोबरीने बसतात. रचना म्हणून मात्र हा प्रकार आल्बमपेक्षा दवंडीच्या जवळचा आहे. चित्रे येतात ती निवडून येत नाहीत. एकाच क्षणाची नऊ चित्रे एकामागून एक येतात. त्यांच्यामागून सुप्रभातीची फुले येतात, कोणाच्या आजाराची बातमी येते, आणि सायंकाळपर्यंत सकाळचा बाप्तिस्मा कोठल्या कोठे वाहून जातो. उत्तर म्हणून एक अंगठा. आजीचे बोट चेहऱ्यावर थांबत असे; हा अंगठा थांबत नाही.

याला एक तांत्रिक बाजूही आहे, आणि ती घराघरांत ठाऊक असावयास हवी. छायाचित्रे साठवण्याची जी पद्धत सर्वत्र रूढ आहे, त्या १९९२ सालच्या जेपेग मानकाचे तत्त्वच असे की, डोळ्याला सहजी न कळणारा तपशील गाळावयाचा आणि चित्र हलके करावयाचे. व्हॉट्सॲप नेहमीच्या रीतीने चित्र धाडताना ते आणखी लहान करते. २०२३ साली अधिक स्पष्ट चित्र धाडण्याची सोय तेथे आली, आणि 'डॉक्युमेंट' म्हणून धाडल्यास मूळ चित्र जसेच्या तसे जाते. पण घाईच्या हाताला हे स्मरत नाही. हातभर पडद्यावर उणीव दिसत नाही. ती दिसते तेव्हा फार उशीर झालेला असतो.

हे आम्ही पुस्तकावरून लिहीत नाही. आमच्या धर्मग्रामातील एका घरची आई देवाघरी गेली. मासिक स्मृतीच्या मिस्साबलिदानासाठी वेदीजवळ ठेवावयास तिचे बारा गुणिले पंधरा इंचांचे छायाचित्र हवे होते. तीन मुले, तिघांच्या फोनमध्ये मिळून हजारो चित्रे. दोन रात्री शोध चालला. बहुतेक चित्रांत आई नव्हतीच. ती आत स्वयंपाकघरात होती, किंवा वाढत होती, किंवा कोणाच्या खांद्यामागे अर्धी दिसत होती. अखेर भाचीला आठवले की, सहा वर्षांपूर्वी एका लग्नात मावशी खळखळून हसतानाचे चित्र आपण काढले होते आणि ग्रुपवर टाकले होते. ते सापडले. ग्रुपमधील चाळीस जणांनी तेव्हा ते पाहिले होते. मोठे करताच चेहऱ्याचे चौकोन झाले, डोळे पुसल्यासारखे दिसू लागले. छायाचित्रकार म्हणाला, "मूळ चित्र असेल तर आणा." मूळ चित्र भाचीच्या जुन्या फोनबरोबर केव्हाच गेले होते. शेवटी ओळखपत्रावरील ताठ, घाबरलेला चेहरा मोठा करून चौकटीत बसवला. मिस्सा संपल्यावर धाकटी मुलगी त्या चौकटीपुढे उभी राहून एवढेच म्हणाली, "फादर, आमची आई अशी नव्हती."

येथे अपराधी कोणी नव्हते. मुलांचे आईवर प्रेम होते, भाचीचे तर त्या चित्रात दिसतच होते. परंतु ते चित्र चाळीस जणांना दाखवले गेले होते आणि एकाच्याही हाती दिले गेले नव्हते.

दुसरा मार्ग फेसबुक आणि स्टेटस यांचा. येथे श्रोता कोण, हेच ठाऊक नसते. स्टेटस चोवीस तासांनी विरते. म्हणजे हे दाखवणे आहे, आणि देण्याचा दावाही त्यात नाही. मोठ्या माणसांनी आपले चेहरे कोठे मांडावेत, हा त्यांचा प्रश्न. लहान मुलांविषयी मात्र आम्हांस बोललेच पाहिजे. न्हाणीघरातील बाळ, परीक्षेत नापास होऊन रडणारा मुलगा, शाळेच्या गणवेशावरील नाव वाचता येईल असे चित्र: हे सारे त्या मुलाच्या संमतीवाचून अनोळखी लोकांसमोर जाते, आणि एकदा गेलेले परत बोलावता येत नाही. घरच्या आल्बममध्ये हेच चित्र हसण्याचा विषय झाले असते, कारण हसणारे त्याचे आपले होते. बार्त यांनी एक चित्र राखून ठेवले; आईबापांनी मुलांची काही चित्रे अशीच राखून ठेवावीत.

तिसरा मार्ग दूरच्या साठवणीतील सामाईक आल्बमचा. २०१५ साली आलेले गूगल फोटोज हे त्याचे परिचित उदाहरण. आमच्या मते आल्बमच्या सर्वांत जवळ येणारा प्रकार हाच. एका लग्नाची चित्रे दहा हातांनी काढलेली असली तरी ती एके जागी येतात, क्रमाने लागतात, आणि त्यांखाली शब्दही लिहिता येतात. यंत्र चेहरेही ओळखते. पण ते चेहरा ओळखते, नाते ओळखत नाही. मांडव घालणारा तो मनुष्य त्याच्या लेखी केवळ एक चेहरा असतो. शिवाय आल्बमची लिंक ज्याच्या हाती पडेल त्याला तो उघडता येतो, हे विसरून ती वाटेल तेथे पुढे पाठवली जाते.

आणि ही जागा आपली नसते, भाड्याची असते. आरंभी गूगलने थोड्या लहान आकारातील चित्रांची अमर्याद साठवण फुकट दिली होती. १ जून २०२१ पासून ती सवलत संपली, आणि टपाल, कागदपत्रे, चित्रे या सर्वांना मिळून १५ जीबी एवढीच फुकट जागा उरली. ऑर्कुटचे दिवस आपल्याकडील तरुणांना आठवत असतील. ३० सप्टेंबर २०१४ रोजी ते बंद झाले. दोन वर्षे वापरात नसलेले खाते काढून टाकण्याचे धोरणही गूगलने २०२३ साली जाहीर केले. मग खातेदारच निवर्तला तर? आपल्या पश्चात चित्रे कोणाच्या हाती जावीत हे नेमून ठेवण्याची सोय गूगलने २०१३ पासून आणि ॲपलने २०२१ पासून ठेवलेली आहे. घराच्या कागदपत्रांवर वारसाचे नाव लावणारे आपले लोक येथे मात्र जागा कोरीच ठेवतात.

पेन ड्राइव्ह वा हार्ड डिस्क भरून देणे हा चौथा मार्ग. येथे वस्तू खरोखर हाती दिली जाते, आणि मूळ चित्रे शाबूत राहतात. पण चार हजार चित्रांची ती पेटी उघडणार कोण? निवडीवाचून आणि शब्दावाचून दिलेले ते धान्याचे न निवडलेले पोते आहे.

चित्राला शब्दाची जोड दिली म्हणजे काय घडते, याचा उत्तम नमुना आपल्या देशातच आहे. अनुषा यादव यांनी २०१० साली 'इंडियन मेमरी प्रोजेक्ट' हा संग्रह सुरू केला. लोकांनी आपल्या घरातील जुने छायाचित्र द्यावयाचे आणि त्यातील माणसांची हकीकत सांगावयाची, अशी त्याची रीत. कोणाचे आजोबा, कोणाची मावशी; चित्रे साधी, स्टुडिओतील किंवा अंगणातील. पण कोण, कोठले, केव्हाचे, पुढे त्यांचे काय झाले, हे वाचल्यावर अनोळखी चेहरा आपल्याशी बोलू लागतो आणि घराण्याची गोष्ट देशाच्या इतिहासाला जाऊन मिळते. परक्याला ते चित्र सामान्यच वाटेल, या बार्त यांच्या शंकेला हे एक सविस्तर उत्तर आहे. या संग्रहाची मर्यादाही उघड आहे: ज्यांच्या घरी छायाचित्र होते त्यांचाच इतिहास येथे येऊ शकतो. आणि प्रत्येक घरगुती गोष्ट जगापुढे मांडण्याजोगी नसते. परंतु तेथील शिस्त आपल्या घरच्या आल्बमला जशीच्या तशी लागू पडते. चित्र एक, आणि त्याबरोबर ते सांगणारे माणूस.

एवढ्या विवेचनानंतर आमचा निकष थोडक्यात सांगतो. छायाचित्र देताना ते कोणासाठी, कोणत्या शब्दांसह आणि किती काळ टिकावे म्हणून देत आहोत, हे ठरलेले असेल तर ते देणे. नसेल तर ते केवळ दाखवणे. दाखवण्यालाही आपली जागा आहे. सणाच्या दिवशी ग्रुपवर चित्रांचा पाऊस पडावा, त्याला आमची हरकत नाही. त्या पावसातील एखादी घागर भरून ठेवावी, एवढेच मागणे.

ती कशी भरावी, हे सांगण्यास तंत्रज्ञ लागत नाही. वर्ष सरताना कुटुंबाने एकत्र बसून बारा-पंधरा चित्रे निवडावीत. प्रत्येकाखाली डावीकडून उजवीकडे नावे, गाव आणि साल लिहावे. कामकऱ्याचे आणि शेजाऱ्याचेही नाव लिहावे. ज्यांची चित्रे आहेत त्यांना, मुले असली तरी, विचारावे. मूळ आकारातील प्रती निदान दोन घरी असाव्यात, एक लेकीकडे. त्यांतील दोन-चार कागदावर छापून घरातील वृद्धांच्या हाती द्याव्यात आणि त्यांना बोलू द्यावे. ते बोलणे फोनवर ध्वनिमुद्रित करून चित्रांबरोबर ठेवावे. आणि जी व्यक्ती नेहमी कॅमेऱ्यामागे किंवा चुलीपुढे असते, तिला वर्षातून एकदा तरी उजेडात बसवून तिचे चित्र काढावे.

कर्श यांच्या चित्रात अवघे ३०,९७६ ठिपके होते. आजच्या साध्यातल्या साध्या फोनपुढे ते चित्र अगदी दरिद्री ठरेल. तरीही पाहणाऱ्याला ते आजही कळते, कारण ते बाळ वॉल्डन आहे, वय तीन महिने, साल १९५७, आणि चित्र उतरवणारा त्याचा बाप आहे, हे त्याबरोबर सांगितले गेले. आपल्या फोनमधील लक्षावधी ठिपक्यांच्या चित्रांना आपण एवढे चार शब्द देऊ शकतो. ते देण्यास आजी हयात असतानाच बसावे.